बिनचूक घरमालक

आमच्या घरमालकांच्या हातून आयुष्यात एकही चूक झाली नव्हती. हे मी कौतुकाने सांगत नाही. त्यांनीच मला पहिल्या भेटीत सांगितलं, तेही माझ्या कपाळावर टेंगूळ आलेलं असताना.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. बुलढाण्याच्या मुलींच्या शाळेत मला इंग्रजी शिकवायची नोकरी लागली आणि नगरकडून मी एक ट्रंक, एक वळकटी आणि आईने दिलेला डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन एकटीच आले. कोणीतरी कोर्टामागच्या गल्लीतलं घर सांगितलं. खोली बघायला आत शिरताना चौकटीवर माझं डोकं आपटलं. दुसरा कोणी म्हणाला असता, लागलं का? मालक ओट्यावर बसले होते. ते तिथूनच म्हणाले, "चूक कोणाची?"

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, "दार ठेंगणं आहे."

"दार तुमच्या आंधी आलं, का तुमी दाराच्या आंधी आल्या?"

"दार."

"मंग?"

कपाळ चोळत मी कबूल केलं, की चूक माझी. मालक लगेच प्रसन्न झाले. "बस! मानसानं आपली चूक कबूल केली का झगडाच राह्यत नाई. माह्या हातून अजून झाली नाई, नाई तं मीबी केली असती कबूल." आणि त्याच प्रसन्नतेत त्यांनी मागच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकाची पडवी मला पंधरा रुपये भाड्याने दिली.

उंच, काटकुळे, चष्म्याच्या एका काडीऐवजी दोरा. मूळचे सोनाळ्याचे, सातपुड्याच्या पायथ्याशी चांगली काळी जमीन. पण भावांशी विहिरीवरून वाद झाला आणि तो जिल्ह्याच्या कोर्टात आला. वादापाठोपाठ मालकही आले. लोक देवळाजवळ घर बांधतात, शाळेजवळ बांधतात. यांनी कोर्टाजवळ बांधलं, पायी जाता यावं म्हणून. वकील कधी लावला नाही, कारण वकील चुका करतात. त्यांचा खटला नागपूरच्या राज्यात सुरू झाला, मुंबईच्या राज्यात वाढला आणि महाराष्ट्रात म्हातारा होत होता. विहीर मधल्या काळात आटली होती, पण त्याचा खटल्याशी काही संबंध नव्हता.

'चूक कोणाची' हा त्यांचा रामराम होता. दूध उतू गेलं, एस. टी. चुकली, कुत्रं चावलं, सगळ्यांना हाच प्रश्न. गल्लीतले एक आजोबा नव्वदी ओलांडून शांतपणे गेले. लोक ओल्या डोळ्यांनी बसलेले, आणि मालक त्यांच्या मुलाशेजारी बसून हळूच विचारत होते, "डाक्टरले कव्हा बलावलं होतं? सकाऊन? मंग रात्री काऊन नाई?" तो बिचारा वडिलांच्या दहाव्यापर्यंत स्वतःला दोष देत फिरत होता.

विम्याचा एजंट आमच्या गल्लीत नेमका त्यांच्याकडेच कसा आला, ठाऊक नाही. अकोल्याचा होता; टाय स्वतःचा, सायकल भाड्याची. ओट्यावर बसून तो म्हणाला, घराला आग लागली तर कंपनी भरपाई देते.

मालकांनी विचारलं, "आग दुसऱ्याच्या चुकीनं लागली तरी?"

"तरी देते."

"अन् हप्ता?"

"वर्षाचा अठरा रुपये."

मालकांनी त्याला चहा पाजला. ही घटना इतकी दुर्मीळ होती की काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, "कोनाले देऊ?" असं दोनदा विचारून घेतलं. पॉलिसी आली तशी मालकांनी तिला काच लावून घेतली आणि देवघरात दोन तसबिरींच्या मधोमध टांगली. दसऱ्याला तिला आपट्याचं पान मिळायचं. एवढ्यावर थांबले असते तर ते मालक कसले? पेंटर बोलावून त्यांनी घराच्या दर्शनी भिंतीवर हातभर अक्षरांत लिहून घेतलं : 'या घराचा विमा उतरवला आहे. हुकमावरून.'

शेजारच्या नानांनी ते वाचलं आणि हसून म्हणाले, "मालक, आगीले वाचता येते काय हो?"

"आगीले नाई येत," मालक म्हणाले. "लावनाराले येते."

नानांचं घर आमच्या घराला भिंतीने भिंत लागून. जातीने माळी, गावाबाहेर वांगी, मेथी, टमाटे पिकवायचे आणि बाजारात स्वतः बसून विकायचे. चार मुली. आवाज एवढा मऊ, की बाजारात त्यांच्या शेजारचा माणूस त्यांच्या भाजीचे भाव ओरडायचा. मालक त्यांच्याशी बोलायचे ते बहुधा भिंतीवरून आलेल्या दोडक्याच्या वेलाबद्दल. वेल नानांचा, पण दोडके आमच्या बाजूला लागायचे, आणि मालक ते तोडून घ्यायचे. "वेल इकडं आला यात माही चूक काय?"

आग लागली ती नानांच्या थोरल्या मुलीच्या लग्नात. एप्रिल संपत आला होता, दुपारचे चार वाजले होते. वरात मलकापूरकडची, उत्साही. नवऱ्या मुलाच्या एका दोस्ताला भर उन्हात बाण उडवायची हुक्की आली. त्याने सोड्याच्या बाटलीत बाण उभा केला, वात पेटवली, आणि नेमकी बाटली कलंडली. बाण आकाशात जायचा तो आडवा सुटला आणि भिंतीवरून आमच्या बाजूला, माझ्या पडवीवर रचलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्यांत जाऊन बसला. पऱ्हाट्या म्हणजे वर्षाचं सरपण, उन्हात वाळून कडक झालेल्या. क्षणभर धूर, आणि मग भडकाच.

सगळं लग्न आग विझवायला धावलं. पाण्याचे हंडे, पिंप, पंगतीतले तांबे. कोणीतरी मठ्ठ्याचं अख्खं भांडं ओतलं. नाना डोक्यावरचा फेटा काढून ओला करून जाळावर मारत होते. मुलगी बोहल्यावर, आणि बाप शेजाऱ्याच्या छपरावर. अर्ध्या तासात आग आटोक्यात आली. माझी पडवी गेली. तिच्यात माझा स्टोव्ह, पिठाचा डबा आणि फळीवर ठेवलेल्या नववीच्या वार्षिक परीक्षेच्या उत्तरपत्रिका गेल्या. पुढे सगळ्या मुलींना पास करावं लागलं. त्या आगीने एवढ्या लोकांचं भलं केलं. फक्त एक मुलगी, जिचा पेपर उत्तम गेला होता, ती मात्र माझ्यापाशी येऊन रडली.

मालक गल्लीत काठी टेकून उभे होते. पाण्याचा एक तांब्या त्यांनी उचलला नाही. ते त्या बाटलीकडे, त्या मुलाकडे आणि भिंतीकडे आळीपाळीने पाहत होते, अंतर मोजल्यासारखे. मी त्यांचा चेहरा पाहिला. घर जळत होतं आणि माणूस समाधानी होता. इतक्या वर्षांत प्रथमच त्यांना प्रश्न विचारावा लागला नव्हता.

काकूंनी त्या दिवसापासून तीन आठवडे मला आपल्या चुलीवरचं जेवायला घातलं. भाकरी वाढताना त्या एक शब्द बोलायच्या नाहीत. मालक आतून म्हणायचे, "ताटाचे पैसे नाई घेनार बाई. चूक तुमची नाई."

कंपनीचा तपासनीस आला, खाटेवर बसून त्याने यादी मागितली. यादी मालकांनी सांगितली आणि मी लिहिली. पडवीला गोणपाटाचा पडदा होता, त्याचं यादीत सागवानी दार झालं. मी लेखणी थांबवली, तर म्हणाले, "लावनारच होतो बाई. आग आंधी आली ही का माही चूक?" तपासनिसाने दारावर काट मारली आणि बाकीची भरपाई मंजूर केली. तीन महिन्यांत पैसे आले. पडवी पत्र्याची झाली, आधीपेक्षा बरी. इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती.

पुढच्या हप्त्याची वेळ आली तसं कंपनीचं पत्र आलं. इंग्रजीत होतं, म्हणून मालक ते घेऊन माझ्याकडे आले. मी वाचलं, मग पुन्हा वाचलं.

"काय म्हनते?"

"हप्ता वाढवलाय. अठराचे सत्तावीस."

"काऊन?"

"तुम्ही भरपाई घेतलीत म्हणून."

मालक माझ्या ट्रंकेवर बसले. ते कधी भाडेकरूच्या खोलीत बसत नसत. "बाण त्या पोट्ट्यानं सोडला. मांडव नानाचा. बाटली सोड्याची. याच्यात मी कुठी हाव?"

"कुठेच नाही."

"मंग दंड मले काऊन?"

आणि मला कबूल करायला पाहिजे, की त्या वेळी मला त्यांची बाजू पूर्ण पटली. मनापासून पटली. मी म्हटलं, "हा अन्याय आहे मालक. आपण लिहू."

त्या 'आपण'ने माझे पुढचे तीन महिने खाल्ले. दर रविवारी सकाळी मालक अंघोळ करून, कोट घालून माझ्या खोलीत यायचे आणि येरझारा घालत मजकूर सांगायचे. "लिवा. तुमाले लाज वाटत नाई का?" मी इंग्रजीत लिहायची, की आपल्या पत्राने आम्हांस आश्चर्य वाटले. "लिवा. तुमच्या बापाच्या घरावर बान पडला असता म्हनजे समजलं असतं." मी लिहायची, की आपण सहानुभूतीने विचार करावा. शेवटी ते पत्र हातात घेऊन दोऱ्याचा चष्मा सावरायचे. "चोट्टे हो, म्हनून म्या सांगतलं होतं. ते कुठी हाय?" मी 'युवर्स फेथफुली'वर बोट ठेवायची. ते समाधानाने सही करायचे.

कंपनीचं उत्तर दर वेळी एकच : आपल्या पत्राची नोंद घेतली आहे, वाढीव हप्ता मुदतीत भरावा.

शेवटी मालकांनी ठरवलं, की पत्राने होत नाही, पुरावा पाहिजे. आणि पुरावा म्हणजे नानांची कबुली.

एका संध्याकाळी त्यांनी नानांना ओट्यावर बोलावलं. मलाही दौत-टाक घेऊन बसवलं. काकू उंबऱ्याशी तांदूळ निवडत होत्या. मालकांनी स्टँप कागद काढला.

नाना कागद पाहूनच घाबरले. "मालक, बान माह्या पाव्हन्यानं सोडला. म्या तं मना करून राह्यलो होतो."

"मांडव कोनाचा?"

"माहा."

"पाव्हना कोनाचा?"

"माहाच म्हना."

"मंग चूक?"

नानांनी आपल्या घराकडे पाहिलं. मग म्हणाले, "लेकीच्या लग्नात झालं, माही समजा. पन मालक, या कागदाचं तुमी पुढी काय करसान? माह्यावर दावा तं नाई करनार?"

"अरे बापा!" मालकांनी छातीवर हात ठेवला. "हा कागद कंपनीले दाखवाले. मारोतीची आन, तुह्यावर दावा करीन तं. बाई हायेत ना साक्षीले."

मी म्हटलं, "मग तसं खाली एक ओळ लिहू का? या कागदावरून दावा करणार नाही, म्हणून?"

मालकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या देवघरात चपला घालून गेले होते. "शेजाऱ्याले जबान देल्ली, ते का कागदावर लिवाची गोष्ट हाय? नानाले माह्यावर भरोसा नाई का?"

नाना घाईने म्हणाले, "हाय ना, हाय." आणि त्यांनी सही केली. साक्षीदार म्हणून मी केली.

दिवाळीच्या सुट्टीत तो कागद घेऊन आम्ही खामगावला गेलो. कंपनीची कचेरी तिथे होती. मालकांनी कोट घातला होता, आणि पॉलिसी काचेसकट पंच्यात गुंडाळून मांडीवर घेतली होती. बोथ्याच्या घाटात गाडी हलली की ते देव सांभाळावा तशी ती सांभाळायचे. वाटेत मला बजावून सांगितलं, "तुमी फकस्त इंग्रजी बोला. बाकी मी पाहून घेतो."

इंग्रजीची गरजच पडली नाही. साहेब मराठीच होते, तरुण, शांत, हातात पानाचा डबा. त्यांनी नानांचा कागद सावकाश वाचला.

"म्हणजे आग शेजाऱ्याच्या मांडवातून आली."

"हाव!" मालक टेबलावर वाकले. "त्यानं सोता लिवून देल्लं. माही चूक काडीची नाई."

"शेजारी अजून तिथेच राहतात?"

"राहीन नाई तं काय? भितीले भीत हाय."

"त्यांना आणखी मुली आहेत लग्नाच्या?"

"तीन!" मालक विजयाने म्हणाले.

साहेबांनी कागदाची घडी घालून परत दिली. "मग हप्ता वाढवला ते बरोबरच केलं की."

मालकांनी कागद पुन्हा उलगडला. साहेबांनी पान लावता लावता समजावून सांगितलं, "काका, तुमची चूक नाही, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. आम्ही चूक बघतच नाही. आम्ही जोखीम बघतो. ज्या घरावर एकदा बाण पडला, त्याच्यावर पुन्हा पडू शकतो. आणि तुम्ही तर आज लेखी आणून दिलंत, की तीन लग्नं बाकी आहेत."

परतीच्या गाडीत मालक खिडकीशी बसले. पॉलिसी या वेळी पायाशी होती. मला वाईट वाटत होतं. एवढ्या हट्टाने, एवढ्या लांब, खरं बोलून हरलेला माणूस पाहवत नव्हता. घाट चढताना ते एकदम म्हणाले, "बाई, जोखीम. याले इंग्रजीत काय म्हनते?"

"रिस्क."

"रिक्स," ते म्हणाले. मग खिडकीबाहेर पाहत पुन्हा एकदा, चव घेतल्यासारखं, "रिक्स." मला वाटलं, दुःखाने म्हणतायत. ते शिकत होते.

महिन्याभरात नाना माझ्या दाराशी आले. हातात भाजीची टोपली नव्हती, समन्स होतं. मालकांनी त्यांच्यावर दावा लावला होता : वाढलेल्या हप्त्याचे नऊ रुपये या वर्षीचे, आणि पॉलिसी असेपर्यंत दर वर्षीचे. आधार, नानांनी स्वखुशीने लिहून दिलेली कबुली.

नाना उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. "नऊ रुपयाचं काही नाई बाई. दोन टोपले वांगे म्हना. पन दुसरीचं जमून राह्यलं होतं देऊळगावले. तिकडच्या लोकायनं इचारलं, तुमच्यावर कोर्टात काय हाय म्हनून. आता ते थांबतो म्हनतेत." ते खाली पाहत होते. "तुमी होत्या तिथी. त्यानं मारोतीची आन घेतली होती, तुमी आयकलं."

मी ऐकलं होतं. तो कागदही मीच लिहिला होता, माझ्या वळणदार अक्षरात.

त्या आठवड्यात मला झोप लागली नाही. गावात एकटीने राहणाऱ्या बाईला खोली मिळवणं म्हणजे काय, ते मला एकदा कळलं होतं. आमच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, शाळेच्या बाईने कोर्टाची पायरी चढू नये, मुलींवर परिणाम होतो. मुलींवर कसला परिणाम होतो, ते त्या बोलल्या नाहीत. मालक मात्र रोजच्यासारखे वागत होते. एकदा तर आडाजवळ म्हणाले, "नानाच्या वकिलानं तुमाले साक्षीले बलावलं म्हनते. या ना. कोर्ट पाहून होईन."

त्यांची खात्री होती, की मी त्यांच्या घरात राहते.

कोर्टात मी काय ते सांगितलं. नानांच्या वकिलाने विचारलं, मी उत्तर दिलं, दोन मिनिटांत आटोपलं. मग उलटतपासणीला मालक उठले. वकील नव्हताच. काळा कोट, दोऱ्याचा चष्मा, हातात कागद.

"बाई, तुमी माह्या घरात राहता?"

"हो."

"भाडं बराबर देता?"

"हो."

"मी तुमाले कव्हा तरास देल्ला?"

"हो."

मागे कोणीतरी हसलं. न्यायाधीशांनी मान वर केली. मालकांनी तो प्रश्न झाडून टाकल्यासारखा हात हलवला आणि कागद माझ्यासमोर धरला. "हे अक्षर कोनाचं?"

"माझं."

"याच्यात दावा करनार नाई, असं कुठी लिवलं हाय?"

"नाही लिहिलेलं."

"नाई लिवलेलं!" मालक न्यायाधीशांकडे वळले. तिथे ते थांबायला हवे होते. पण आयुष्यभर ज्याने दुसऱ्याची चूक शेवटपर्यंत खणून काढली, त्याला थांबता येत नाही. ते पुन्हा माझ्याकडे वळले. "एवढ्या शिकल्यासवरल्या तुमी, मंग काऊन नाई लिवलं?"

"मी लिहिते म्हटलं होतं. तुम्ही लिहू दिलं नाही."

न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवली आणि विचारलं, "हे काय म्हणाले होते तेव्हा?"

"म्हणाले, शेजाऱ्याला दिलेला शब्द कागदावर लिहायची गोष्ट नाही. आणि मारुतीची शपथ घेतली."

मालक उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, नानांकडे पाहिलं. नाना रडत होते, आवाज न करता. जसं बोलायचे तसंच.

दावा फेटाळला गेला. न्यायाधीशांनी सांगितलं, की फसवून घेतलेल्या कबुलीवर दावा चालत नाही, आणि कंपनीने हप्ता वाढवला ते मालक आणि कंपनी यांनी आपसांत बघावं. वर नानांचा खर्च मालकांनी द्यायचा. देऊळगावचं स्थळ पुढे जमलं. त्या लग्नात नानांनी फटाका म्हणून उडवू दिला नाही, आणि वरातीने त्याबद्दल त्यांना बरंच सुनावलं.

कोर्टाच्या पायऱ्यांवर मालकांनी मला गाठलं. आता काय ऐकावं लागेल म्हणून मी अंग चोरून उभी राहिले.

"साक्ष नामी देल्ली," ते म्हणाले. "अडखडल्या नाई. माह्या विहिरीच्या खटल्यात असा एक साक्षीदार भेटला असता तं वीस वर्षं वाचली असती." आणि काठी टेकत, ताठ, एकटेच घराकडे गेले. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल आदरही वाटून गेला. तरुण होते मी.

एक तारखेला भाडं द्यायला गेले. मालक ओट्यावर पावतीपुस्तक घेऊन बसले होते. मी पंधरा रुपये ठेवले. त्यांनी मोजले आणि अजून काही यायचं असल्यासारखा हात तसाच पसरून ठेवला.

"सतरा झाले बाई."

"का?"

"चूक तुमची नाई," ते अगदी सौम्यपणे म्हणाले. "तुमी खरं बोलल्या, त्याच्यात चूक कायची? पन घरात खरं बोलनारा भाडेकरू हाय म्हनजे मालकाची जोखीम वाढते. एकडाव बोलल्या, पुन्हा बोलसान." मग मला परकं वाटू नये म्हणून त्यांनी इंग्रजी शब्दही सांगितला. "रिक्स."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाने. काहीतरी बोलायचं म्हणून मी तोंड उघडलं, पण त्यांनी पावती फाडायला घेतली होती. मी आत वळले. काकू मधल्या खोलीत सूप घेऊन ज्वारी पाखडत बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या घरात त्यांना ऐकू येत नाही असं काही नव्हतं.

मी म्हटलं, "काकू, हा कुठला न्याय?"

सूप थांबलं. त्यांनी एकदा ओट्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"द्या बाई," काकू म्हणाल्या. "तुमाले दोनच मांगतले. मी लग्न झालं तव्हापासून भरून राह्यली."

आणि पुन्हा पाखडायला लागल्या.